वाघपट्ट्यांचा पाहुणा आणि खारवलेली नदी

१९५७ साल. जर्मनी दोन राष्ट्रांत दुभंगलेला. पश्चिम जर्मनीच्या हद्दीत, व्हेरा नावाच्या नदीत काही संशोधकांनी इंग्लंडहून मुद्दाम आणवलेले बोटाच्या पेराहूनही लहान जीव सोडले. चोरून नव्हे, चुकून तर मुळीच नव्हे. नदीतल्या माशांना खायला काही उरले नव्हते, म्हणून.

पुढल्या अर्धशतकात त्या जीवाचे वंशज उत्तर समुद्राच्या खाड्यांपासून बाल्टिकच्या खाजणांपर्यंत पसरले, आणि अनेक ठिकाणी तिथल्या मूळच्या रहिवाशांना त्यांनी हुसकून लावले. आज या घटनेचा उल्लेख 'माणसाने हाताने ओढवून घेतलेले संकट' अशा एका वाक्यात आटोपला जातो. ते वाक्य खोटे नाही, पण त्यात नदी खारट कोणी केली हा प्रश्न गळून पडतो. हा धागा त्या गळालेल्या प्रश्नाचा आहे.

आधी या जीवाची ओळख. अँफिपॉड हा कोलंबी-खेकड्यांच्या विस्तृत कुळातला, कवचधारी प्राण्यांचा एक गण. दुरून पाहिले तर जवळ्याचा भाऊ वाटावा, पण जवळा नव्हे: शरीर दोन्ही बाजूंनी चेपलेले, पाठ कमानीसारखी वाकलेली आणि पोहण्याची तऱ्हा कुशीवर. नद्यांत आणि खाड्यांत यांच्यातले गॅमारस नावाचे घराणे फार महत्त्वाचे. लांबी साधारण एक ते दोन सेंटिमीटर. पाण्यात पडलेला पालापाचोळा कुरतडून बारीक करायचा, मिळेल तो लहानसहान जीव खायचा आणि अखेरीस ट्राउट, वाम अशा माशांच्या पोटात जायचे, हा यांचा संसार. थंड प्रदेशातल्या नदीतून हे वजा केले तर पाने कुजत राहतात आणि मासे उपाशी राहतात.

इतिहासाच्या दृष्टीने यांची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समुद्रातल्या बहुसंख्य कवचधारींची पिल्ले अळीच्या रूपात प्रवाहाबरोबर शेकडो मैल वाहत जातात. अँफिपॉडला ती सोय नाही. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत बाळगते आणि त्यांतून बाहेर पडतात ते थेट आईबापांचे लघुरूप. स्वतःच्या बळावर असा प्राणी महासागर ओलांडू शकत नाही, एका नदीच्या खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणेही त्याला दुष्कर. म्हणूनच तो परक्या किनाऱ्यावर सापडला की त्याच्यामागे बहुधा एखादे जहाज, एखादा कालवा किंवा एखादा माणूस उभा असतो. पुराव्याचे कागद तपासावेत तसे हे प्राणी तपासता येतात.

खाडीत त्यांची वस्तीही शिस्तीची असते. युरोपातल्या एखाद्या खाडीत समुद्राच्या तोंडापासून वर चढत गेले तर गॅमारसच्या जाती पायरीपायरीने बदलत जातात. खाऱ्या पाण्यात लोकुस्टा, मग सॅलिनस, निमखाऱ्या पाण्यात झाडाखी आणि गोड्या पाण्यात प्युलेक्स. ड्युबेनी नावाची जात तर भरती-ओहोटीच्या डबक्यांतले रोजचे चढउतारही सोसते. मीठ हे त्यांच्यातले कुंपण. ते हलले की सगळी वाटणी हलते.

आता व्हेराकडे. ही नदी थुरिंगियाच्या जंगलात उगम पावते, हेसेत शिरते, पुन्हा बाहेर पडते आणि हान मुंडेन गावी फुल्डा नदीला मिळते. तिथून पुढे दोघींच्या एकत्रित प्रवाहाला वेझर म्हणतात. ब्रेमेन शहर ओलांडून वेझर उत्तर समुद्राला मिळते. समुद्रापासून इतक्या दूरच्या नदीत खारे पाणी असण्याचे काही कारण नव्हते.

कारण निर्माण झाले ते शेतीमुळे. १८४० मध्ये युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाचा कृषिरसायनावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पिकांना जमिनीतून खनिजे लागतात आणि ती परत भरून द्यावी लागतात, हा विचार त्याने युरोपभर रुजवला. त्या खनिजांपैकी एक पोटॅश. १८६१ मध्ये श्टासफुर्ट येथे पोटॅश क्षार शुद्ध करणारा पहिला कारखाना उभा राहिला आणि पहिल्या महायुद्धापर्यंत जगातल्या पोटॅशवर जर्मनीची जवळजवळ मक्तेदारी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात व्हेराच्या खोऱ्यातही हे क्षार सापडले आणि खोऱ्यात खाणींची रांग उभी राहिली.

खनिज वर काढले, त्यातले पोटॅश वेगळे केले की उरते प्रचंड मीठ. घन रूपात त्याचे डोंगर साचतात, द्रव रूपात ते कुठेतरी सोडावे लागते. ते सोडले गेले व्हेरात, आणि पुढे काही अंशी जमिनीखालच्या खडकांच्या थरांत. खाली वसलेल्या शहरांच्या तक्रारी पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून सुरू होत्या. १९४२ मध्ये, म्हणजे ऐन युद्धात, गेर्स्टुंगेन येथे नदीतल्या क्लोराइडसाठी मर्यादा ठरली: लिटरला २५०० मिलिग्रॅम. मर्यादा हा शब्द ऐकून दिलासा वाटतो, म्हणून तुलना आवश्यक. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण सुमारे १९,००० असते, आणि निरोगी गोड्या नदीत ते काही दशकांच्या आत राहते. म्हणजे कायद्याने मान्य केलेली व्हेरा ही समुद्राच्या आठव्या हिश्श्याइतकी खारी होती. नदीचे खाडीत रूपांतर करणारा कायदा असे त्याचे वर्णन केले तर अतिशयोक्ती होणार नाही.

(थोडे विषयांतर. याच खोऱ्यातल्या मेर्कर्सच्या पोटॅश खाणीत एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याला राइश्सबँकेचे सोने आणि बर्लिनच्या संग्रहालयांतली चित्रे सापडली. १२ एप्रिलला आयझेनहॉवर, ब्रॅडली आणि पॅटन स्वतः खाली उतरून ती पाहून आले. त्या खाणीचे नाव जगाला ठाऊक आहे ते या सोन्यामुळे. तिच्यासारख्या खाणींनी नदीचे काय केले ते फारसे कोणी सांगत नाही.)

युद्ध संपले आणि व्हेराच्या वाट्याला सीमा आली. वरचे खोरे आणि बहुतेक खाणी सोव्हिएत ताब्यात, खालचे खोरे अमेरिकी ताब्यात. सीमा इतकी अडचणीची होती की ग्यॉटिंगेन ते बेब्रा हा रेल्वेमार्ग काही किलोमीटर सोव्हिएत हद्दीतून जात होता. १७ सप्टेंबर १९४५ रोजी व्हानफ्रीड येथे दोन्ही सैन्यांनी करार करून काही गावांची अदलाबदल केली आणि रेल्वे पूर्णपणे अमेरिकी हद्दीत आणली. करारानंतर देवाणघेवाण झालेल्या बाटल्यांवरून त्या मार्गाला 'व्हिस्की-व्होडका रेषा' असे नाव पडले. रेल्वेचा प्रश्न असा एका दिवसात सुटला. नदीच्या मिठाचा प्रश्न मात्र चार दशके दोन राष्ट्रांत लोंबकळत राहिला, कारण मीठ पूर्वेकडून येई आणि भोगावे लागे पश्चिमेला. पश्चिमेच्या खाणीही त्यात भर घालत होत्या, हे सोयीस्करपणे विसरले जाई.

नदीतल्या गॅमारसना सीमेशी देणेघेणे नव्हते. प्युलेक्ससारख्या गोड्या पाण्याच्या जाती मुख्य प्रवाहातून नाहीशा झाल्या आणि लगतच्या निर्मळ ओढ्यांत मागे सरल्या. त्यांच्यावर जगणाऱ्या माशांची उपासमार झाली. नदी खारट, तर मग खारट पाण्यातला गॅमारस आणावा, असा विचार पुढे आला. त्या काळच्या दृष्टीने तो विक्षिप्त नव्हता. माशांसाठी खाद्य म्हणून कवचधारी आणून सोडण्याची प्रथा तेव्हा अनेक देशांत होती आणि ती सुधारणा मानली जात होती.

आणला तो गॅमारस टायग्रिनस. नावातच वाघ: अंगावर गडद आडव्या पट्ट्यांची नक्षी. त्याचे नामकरण झाले होते इंग्लंडमध्ये, आणि ती कथा स्वतंत्रपणे सांगावी इतकी सुरस आहे.

एमिली वॉरेन सेक्स्टन या प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत चित्रकार म्हणून आल्या. सूक्ष्म प्राण्यांची रेखाटने करता करता त्या अँफिपॉडच्या जाणकार झाल्या. १९१२ मध्ये त्यांनी गॅमारस झाडाखीचे वर्णन केले, १९१३ मध्ये प्लिमथजवळच्या निमखाऱ्या पाण्यातल्या गॅमारस शेव्हरोचे. या दुसऱ्या जातीत प्रयोगशाळेतच लाल डोळ्यांचे पिल्लू निपजले, आणि मेंडेलचे नियम प्राण्यांना कसे लागू पडतात हे तपासण्यासाठी सेक्स्टनबाईंनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची पैदास केली. पुढे १९२० च्या दशकात ज्युलियन हक्सली आणि ई. बी. फोर्ड यांनी याच जातीवर जनुके आणि वाढीचा वेग यांच्या संबंधाचे गाजलेले संशोधन केले. हक्सली-फोर्ड ही नावे पाठ्यपुस्तकांत आहेत. पैदाशीची ती परंपरा सुरू करणारे नाव तिथे क्वचितच आढळते.

१९३९ मध्ये, सत्तरी गाठलेल्या सेक्स्टनबाईंनी एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. नमुने आले होते ड्रॉइटविचच्या परिसरातून. ड्रॉइटविच हे इंग्लंडच्या मध्यभागातले गाव, समुद्रापासून दूर, पण जमिनीतून उफाळणाऱ्या खाऱ्या झऱ्यांसाठी रोमन काळापासून विख्यात. रोमनांनी त्याला 'सॅलिने' म्हटले, म्हणजे सरळ 'मिठागरे'. १०८६ च्या डूम्सडे ग्रंथातही तिथल्या मिठाच्या उत्पन्नाच्या नोंदी आहेत. अशा खारट पाण्यात पट्टेवाला गॅमारस मिळाला आणि त्याला टायग्रिनस हे नाव मिळाले.

गंमत अशी की हा प्राणी इंग्लंडचा नव्हताच. त्याचे घर अटलांटिकच्या पलीकडे, कॅनडापासून फ्लोरिडापर्यंतच्या खाड्यांत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाचे ई. एल. बाउसफील्ड यांनी उत्तर अमेरिकेतल्या अँफिपॉडचा आढावा घेतला, तेव्हा त्याची अमेरिकी ओळख स्पष्ट झाली. हजारो मैलांच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळाले ते त्याच्या परदेशातल्या मुक्कामी. आजही या जातीचे अधिकृत 'मूळ नमुन्याचे ठिकाण' इंग्लंडच आहे. जन्माचा दाखला सासरी निघावा, तसा हा प्रकार.

तो आला कसा? सर्वाधिक संभाव्य वाहन म्हणजे जहाजाचे बॅलास्ट. रिकामे किंवा अर्धे भरलेले जहाज तोल सांभाळण्यासाठी एका बंदराचे पाणी टाक्यांत भरते आणि दुसऱ्या बंदरात ओतते. बंदरे बहुधा खाड्यांतच असतात. म्हणजे खाडीतला जीव उचलला जातो आणि खाडीतच उतरवला जातो, जणू घरपोच सेवा. ब्रिटनमधल्या त्याच्या नोंदी १९३० च्या दशकाच्या प्रारंभापासूनच्या आहेत.

म्हणजे १९५७ मध्ये जर्मन संशोधकांनी 'इंग्लिश' म्हणून जो जीव आणला, तो दोनदा स्थलांतर केलेला अमेरिकी होता. श्मिट्झ या जर्मन नदी-अभ्यासकाने १९६० मध्ये या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. प्रयोग यशस्वी झाला होता, इतका की यश या शब्दाची पुढे पंचाईत व्हावी. काही वर्षांत व्हेरा आणि वेझरच्या खारट टप्प्यांत हे जीव गर्दीने दिसू लागले. मासे जेवू लागले.

एवढ्यावर थांबले असते तर ही कथा आज कोणी सांगितली नसती. पण वेझर ही बंद नदी नव्हे. मिंडेन येथे मिटेललांड कालवा पुलावरून तिला ओलांडतो. १९१४ पासून तो पूल आहे, आणि १९३८ मध्ये हा कालवा एल्ब नदीपर्यंत पोहोचला. ऱ्हाइन, एम्स, वेझर, एल्ब या समुद्राकडे स्वतंत्रपणे वाहणाऱ्या नद्या कालव्यांनी एकमेकींशी जोडलेल्या होत्या. स्वतःच्या पायाने डोंगर न ओलांडू शकणाऱ्या प्राण्यासाठी माणसाने सपाट रस्ता बांधून ठेवला होता.

१९६० च्या दशकात टायग्रिनस नेदरलँड्समधल्या आयसलमीर सरोवरात नोंदवला गेला. हे सरोवरही मानवनिर्मितच. १९३२ मध्ये अफ्स्लाउटडाइक हा बांध पूर्ण झाला आणि झाउडरझी नावाचा समुद्राचा फाटा तुटून गोड्या पाण्याचे तळे बनला. खाऱ्या पाण्याचे रहिवासी गेले, गोड्या पाण्याचे अजून स्थिरावायचे होते. अशा अर्धवट रिकाम्या घरात, मीठ आणि गोडवा दोन्ही चालणारा पाहुणा शिरला. पुढच्या काही वर्षांत आसपासच्या कालव्यांतून आणि पाटांतून ड्युबेनी, झाडाखी आणि प्युलेक्स मागे हटल्याचे डच संशोधकांनी नोंदवले. टायग्रिनसची मादी उबदार पाण्यात महिना-सव्वा महिन्यात प्रजननक्षम होते आणि उन्हाळ्यात एकामागून एक वीण घालते. ड्युबेनीचा संसार त्या मानाने संथ. संख्येच्या शर्यतीत तो टिकणे कठीण होते.

डच पाणी एवढे खारट का होते, याचे उत्तर पुन्हा पोटॅशकडेच जाते. फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या पोटॅश खाणी आपले मीठ ऱ्हाइनमध्ये सोडत. शेकडो किलोमीटर खाली, रॉटरडॅमच्या परिसरातल्या काचगृहांत भाजीपाला आणि फुले पिकवणाऱ्यांना तेच पाणी शिंपावे लागे. बियर नावाच्या एका रोपवाटिकेने खाण कंपनीवर दावा लावला. नुकसान जिथे झाले तिथल्या न्यायालयात दाद मागता येईल, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. त्याच वर्षी डिसेंबरात ऱ्हाइनकाठच्या राष्ट्रांनी बॉन येथे क्लोराइडविषयक करार केला, पण तो अमलात यायला १९८५ उजाडले. कायद्याचे विद्यार्थी आजही तो खटला अभ्यासतात. नदीतल्या मिठाने माणसांत निर्माण केलेल्या भांडणांचा इतिहास असा कागदोपत्री शाबूत आहे. प्राण्यांतल्या उलथापालथीचा इतिहास कोणा एखाद्या जाळी घेऊन फिरणाऱ्या अभ्यासकाच्या वहीत सापडला तर सापडतो.

तिकडे व्हेरा आणखी खारट होत होती. १९६८ मध्ये पूर्व जर्मनीने खारे पाणी जमिनीखाली सोडणे थांबवले आणि ते थेट नदीत वाहू लागले. १९७० च्या दशकात असे दिवस आले की व्हेराचे पाणी समुद्राच्या पाण्याहूनही खारट मोजले गेले. १९४२ ची मर्यादा आता आदर्शवत वाटू लागली होती.

१९७५ मध्ये टायग्रिनस बाल्टिक समुद्राच्या काठी, श्लाय या जर्मन खाडीत आढळला. नंतर पोलंडच्या किनाऱ्यावरची खाजणे, आणि २००३ पर्यंत फिनलंडचे आखात. बाल्टिक हा मुळात निमखारा समुद्र, त्यात कमी जाती तग धरतात. ज्या धरतात त्यांच्यापैकी एकही गेली तर तिची जागा भरायला दुसरी स्थानिक जात बहुधा नसते. पोलंडच्या खाजणांत पूर्वी विपुल असलेल्या ड्युबेनी आणि झाडाखी दुर्मिळ झाल्या.

मग दोष १९५७ च्या संशोधकांचा? पूर्णपणे नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून असे दिसले की युरोपातले टायग्रिनस एकाच अमेरिकी मूळस्थानातून आलेले नाहीत, निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या वंशांची त्यांत सरमिसळ आहे. अर्थात व्हेरातला प्रयोग झाला नसता तरी जहाजांनी आपले काम केलेच असते. प्रयोगाने वेग दिला आणि देशाच्या अंतर्भागात प्रवेश दिला, इतके मात्र नि:संशय.

स्थानिक म्हणजे कोण, हा प्रश्न आयर्लंडमध्ये अधिक टोकदार होतो. हिमयुगाचे बर्फ वितळल्यावर समुद्राची पातळी वाढली आणि आयर्लंड वेगळे झाले. गोड्या पाण्याचा प्युलेक्स तिथे पोहोचूच शकला नाही. त्याची रिकामी जागा घेतली ड्युबेनीने. जी जात युरोपात बहुतांशी निमखाऱ्या पाण्यात राहते, ती आयर्लंडच्या नद्यांत थेट गोड्या पाण्यात वस्ती करून राहिली. सहस्रावधी वर्षांची ही व्यवस्था १९५० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर आयर्लंडमध्ये विस्कटली, कारण ट्राउटला चांगले खाद्य मिळावे म्हणून तिथल्या काही नद्यांत प्युलेक्स आणून सोडला गेला. काळ तोच, हेतू तोच. फरक एवढाच की व्हेरात ज्याचा बळी गेला होता, तोच प्युलेक्स इथे आक्रमक ठरला.

हे विस्थापन होते तरी कसे, याचा उलगडा जेमी डिक यांच्यासारख्या संशोधकांनी प्रयोगशाळेत केला. गॅमारस एकमेकांना खातात. कात टाकल्यावर नवे कवच टणक होईपर्यंत प्राणी मऊ आणि असहाय असतो, आणि त्या घटकेला शेजारी त्याच्यावर तुटून पडतो. प्युलेक्स आणि ड्युबेनी दोघेही एकमेकांच्या माद्यांना अशा वेळी मारतात, पण प्युलेक्स अधिक मारतो. एवढा लहानसा असमतोल वर्षानुवर्षे गुणला गेला की नदीचा एक टप्पा हातचा जातो. प्रत्येक विस्थापन हे अन्नाच्या स्पर्धेतूनच होते, ही जुनी समजूत या कामामुळे मागे पडली.

टायग्रिनसच्या साम्राज्यालाही उतरती कळा लागायची होती, आणि तिची पूर्वपीठिका तब्बल बाराशे वर्षांची आहे.

७९३ मध्ये फ्रँक सम्राट शार्लमेनने बव्हेरियात आल्टम्यूल आणि रेझात या नद्यांमध्ये कालवा खणायला घेतला. एक डॅन्यूबकडे वाहणारी, दुसरी ऱ्हाइनकडे. त्या खोदकामाचे अवशेष आजही दिसतात. १८४६ मध्ये बव्हेरियाच्या राजा लुडविगने आपला कालवा पुरा केला, पण तो अरुंद होता आणि रेल्वेपुढे टिकला नाही. अखेर २५ सप्टेंबर १९९२ रोजी १७१ किलोमीटर लांबीचा ऱ्हाइन-माइन-डॅन्यूब कालवा खुला झाला. समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवरून जहाजे युरोपचा जलविभाजक ओलांडू लागली. उत्तर समुद्र आणि काळा समुद्र यांच्यामधली नैसर्गिक भिंत, जी शार्लमेनला पाडता आली नव्हती, ती पडली.

त्या दरवाजातून जो आला त्याचे नाव डिकेरोगॅमारस व्हिलोसस. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या खाड्यांतला, आकाराने मोठा, जबड्याने दणकट आणि स्वभावाने शिकारी. १९९५ च्या सुमारास तो ऱ्हाइनमध्ये होता, लवकरच नेदरलँड्समध्ये. २००० मध्ये डिक आणि डर्क प्लाटफुट यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा निष्कर्ष सरळ होता: हा प्राणी स्थानिक ड्युबेनीलाही संपवतो आणि आधी येऊन बसलेल्या टायग्रिनसलाही.

ऱ्हाइन त्या वेळी आधीच घायाळ होती. १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे बाझेलजवळच्या सँडोझच्या गोदामाला आग लागली, विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली आणि वाम माशांसह असंख्य जीव मेले. नदी सावरत असताना, १९८७ मध्ये, केलिकोरोफियम कर्व्हिस्पायनम हा दुसरा पूर्वेकडचा अँफिपॉड तिथे नोंदवला गेला. तो आला नव्या कालव्याने नव्हे, जुन्या उत्तर मार्गाने: अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलंडचा शेवटचा राजा स्टानिस्वाव ऑगस्ट याच्या कारकिर्दीत नीपर आणि बुग यांना जोडणारा शाही कालवा खोदला गेला, त्या वाटेने. १९१२ मध्ये तो बर्लिनजवळ होता. गाळाच्या नळ्या बांधून तो दगडांवर राहतो. ऱ्हाइनमध्ये एका चौरस मीटरला लाखाहून अधिक अशी त्याची दाटी झाली आणि दगडाचा पृष्ठभागच चिखलाखाली गेला. ज्यांना नागव्या दगडाची गरज होती ते झेब्रा शिंपले त्याखाली गुदमरले. तेही पूर्वेकडून आलेले पाहुणेच.

सप्टेंबर २०१० मध्ये व्हिलोसस इंग्लंडमध्ये ग्रॅफम जलाशयात सापडला, त्याच वर्षी वेल्समध्येही. बॅलास्ट पाण्याच्या नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला होता. तो अमलात आला ८ सप्टेंबर २०१७ रोजी.

टायग्रिनस स्वतःच्या खंडातही आता परका ठरू लागला आहे. या शतकाच्या प्रारंभी तो अमेरिकेच्या महासरोवरांत आढळला. नायगाराचा धबधबा चढून तो तिथे जाणे शक्य नव्हते, त्यामुळे तिथल्या याद्यांत त्याची नोंद बाहेरून आलेल्या जातींत होते. शेजारच्या अटलांटिक खाडीत तोच मूळ रहिवासी आहे.

आणि व्हेरा? १९९० मध्ये जर्मनी एक झाला, पूर्वेकडच्या खाणी पाठोपाठ बंद पडल्या. मेर्कर्सची १९९३ मध्ये. दशकाच्या अखेरीस नदी पुन्हा १९४२ च्या मर्यादेखाली आली. पोटॅशचे उत्पादन मात्र खोऱ्यात चालूच राहिले, त्यामुळे मीठ कमी झाले तरी संपले नाही. तोवर खारट टप्प्यांत टायग्रिनसच प्रबळ राहिला, कारण तिथे त्याला प्रतिस्पर्धी नव्हता. बाजूच्या ओढ्यांत प्युलेक्स आहे, मुख्य प्रवाह गोडा झाला तर त्याला परतायचे अंतर फार नाही. पण खाली वेझरमध्ये मिटेललांड कालव्याच्या वाटेने व्हिलोसस येऊन पोहोचला आहे, आणि गोड्या पाण्याचे त्यालाही वावडे नाही.